त्रिवेदीसाहेबांचं ‘फावशे?’

बडोद्याच्या फतेगंजात आमच्या घराच्या कोपऱ्यावर फरसाणाचं दुकान आहे. दुकानाचा मालक शेव तोलता तोलता मला गेली कित्येक वर्षं एकच प्रश्न विचारतो. “कॅप्टनसाहेब, उपर जईने तो बटन दबावीने सूई ज जवानुं ने?” म्हणजे वर गेलं की बटण दाबायचं आणि झोपायचं, एवढंच ना तुमचं काम! पूर्वी मला भयंकर राग यायचा. मी मूळचाच तापट. एकदा तर गाठियांच्या ढिगासमोर उभा राहून मी त्याला ऑटोपायलट म्हणजे काय, हे सगळं समजावून सांगितलं. मागे गिऱ्हाइकं खोळंबली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाला, “बराबर. एटले सूई ज जवानुं.” तेव्हापासून मी “हो बाबा, झकास झोप लागते” म्हणतो आणि पुडा घेऊन घरी येतो.

या अंकाच्या संपादकबाईंनी मला ‘आकाशातले थरारक प्रसंग’ मागितले होते. मी त्यांना म्हटलं, बाई, आमच्या धंद्यात थरार झाला की समजायचं कोणाचं तरी काम बिघडलं. आयुष्यभर थरार होऊ नये म्हणून पगार घेतला, आता म्हातारपणी तो कुठून आणू? पण एक शब्द आहे. तो शब्द बोलणारा एक माणूस आहे, आणि त्या शब्दाला काय उत्तर द्यायचं हे न कळल्यामुळे जिचं कॅप्टनपद जाता जाता राहिलं अशी एक मुलगी आहे. त्या तिघांबद्दल लिहितो.

त्याआधी थोडं आमच्या कामाबद्दल. वर गेल्यावर बराच वेळ विमान सरळ जात असतं, तेव्हा खरंच फार धावपळ नसते. फरसाणवाला तेवढ्यापुरता बरोबर आहे. खरी कसरत खाली येताना. जेट विमानाची एक खोड असते, त्याला एकाच वेळी खाली येणं आणि हळू होणं जमत नाही. खाली आणावं तर ते पळतं, हळू करावं तर खाली यायला कुरकुरतं. म्हणून किती लांबून उतरायला सुरुवात करायची, कुठे वेग कमी करायचा, चाकं कधी काढायची, हे सगळं आधीच रस्ता डोळ्यांसमोर ठेवून ठरवावं लागतं. ते संगणकात भरायचं, शेजारच्याला वाचून दाखवायचं, त्याने तपासायचं. जमिनीपासून एका ठरावीक उंचीवर आलात की विमान सगळ्या बाजूंनी तयार पाहिजे. नसेल तर मुकाट्याने पुन्हा वर जायचं.

आता अशा वेळी खालून कंट्रोलरचा आवाज येतो, रस्ता बदला. हे काय असतं ते मी आमच्या सौभाग्यवतींना एकदा सांगितलं. म्हटलं, सणाची पंगत बसली आहे, कढईत पुऱ्या आहेत, वाढपी दारात उभे आहेत, आणि माजघरातून तुझ्या सासूबाई म्हणतात, अगं, मठ्ठ्याऐवजी आज कढीच कर. ती म्हणाली, “एवढंच होय? मग मीही वैमानिकच की.”

बदललेला रस्ता लांबचा असेल तर ठीक, वेळ मिळतो. खरा घोटाळा होतो तो जवळच्या रस्त्याने. लोकांना वाटतं, कंट्रोलरने अशी जवळची आडवाट दिली म्हणजे उपकारच केले. पण रस्ता अर्धा झाला तरी तुमची उंची तेवढीच असते ना! जी उंची सावकाश उतरायची, ती आता घाईघाईने उतरायची. एकाचं डोकं संगणकात खुपसलेलं, दुसरा वेगाशी झगडतोय. आणि हे सगळं कशासाठी, तर दहा मिनिटं लवकर पोचायला.

बडोद्याला त्रिवेदीसाहेब म्हणून कंट्रोलर होते. आडवाट देण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. घरी आलेल्या पाहुण्याला उपाशी जाऊ द्यायचं नाही आणि आलेल्या विमानाला वळसा घालू द्यायचा नाही, असा त्यांचा बाणा. आवाज असा की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस तक्क्याला टेकून बोलतोय. पण आमची ओळख झाली ती मात्र उलट कारणाने. तेव्हा मी नुकता कॅप्टन झालो होतो. एके दिवशी सकाळी मी बडोद्यात सरळ उतरणार, सगळं तयार, आणि हा आवाज म्हणाला, बाजूला वळा, थांबा. थोड्या वेळाने म्हणाला, आता दुसऱ्या टोकाने या. माझं डोकं फिरलं. उतरल्यावर प्रवासी गेले, आणि मी तडक टॉवरचे जिने चढलो. तो काळ वेगळा होता, ओळखीपाळखीवर वर जाता यायचं. आज कोणी असं केलं तर आधी पोलीस येतील.

वर एक गोल चेहऱ्याचा, कपाळाला गंध लावलेला माणूस काचेला नाक लावून उभा होता. एका कानाला फोन, दुसऱ्या कानावर हेडफोन. मी तोंड उघडणार तोच त्यांनी हाताने खुर्ची दाखवली. “बेसो कॅप्टन, चा आवे छे. बे मिनिट.” मी बसलो, काय करणार? खाली फ्लाइंग क्लबचं एक चिमुकलं विमान डुगडुगत येत होतं. ते टेकलं, एकदा उडालं, पुन्हा टेकलं आणि मग गपचूप चालायला लागलं. तेव्हा कुठे त्रिवेदींनी श्वास सोडला.

“पहेली वार एकलो गयो हतो,” ते म्हणाले. पहिल्यांदाच एकटा गेलेला विद्यार्थी. मास्तर जमिनीवर उभे, आणि हा वर एकटा. “तुमचं काय कॅप्टन, तुम्हाला फिरवलं तर तुम्ही मला शिव्या द्याल. त्याला फिरवलं असतं तर तो घाबरला असता.”

मी स्वतः त्याच क्लबात शिकलो, त्याच धावपट्टीवर असाच दोनदा टेकलो होतो. भांडायला काही उरलंच नाही. मी चहा प्यायलो. आमच्या रस्त्यात बदल होतो तो बहुतेक वेळा आम्हाला न दिसणाऱ्या कोणासाठी तरी होतो, हे मला पुस्तकात शिकवलं होतं. कळलं मात्र तिथे, त्या खुर्चीवर.

परतफेड म्हणून मी त्यांना रीतसर परवानगी काढून कॉकपिटमध्ये आमच्या मागच्या खुर्चीवर बसवून दिल्लीहून बडोद्याला आणलं. कंट्रोलरांनी असा प्रवास करावा, अशी पद्धत आहे. दिल्लीपासून गृहस्थ मजेत. खाली ढग बघ, नद्या ओळख, आमच्या डब्यातला ठेपला खा. उतरायला सुरुवात झाली आणि खालून एकामागून एक सूचना यायला लागल्या. वेग कमी करा, उजवीकडे वळा, हे सोडा, ते धरा. मी आणि माझा सहवैमानिक हातघाईची लढाई लढत होतो. मागून ठेपल्याचा आवाज बंद झाला. उतरल्यावर मागे पाहिलं तर त्रिवेदी घामाने निथळलेले.

“हुं पण आटलुं बधुं बोलुं छुं?” त्यांनी विचारलं. मीही एवढं बोलतो?

“याहून जास्त,” मी म्हटलं. तापट माणसाने संधी का सोडावी?

त्या दिवसापासून त्यांनी एक नवीनच रीत सुरू केली. रस्ता बदलायचा झाला की इंग्रजीत रीतसर सगळं सांगायचे, आणि शेवटी हळूच विचारायचे, “कॅप्टन, फावशे?” म्हणजे जमेल ना, सोयीचं आहे ना? हे नियमाच्या भाषेत बसत नाही. तिथलं सगळं बोलणं रेकॉर्ड होतं. वरिष्ठांनी एकदा त्यांना विचारलंही, हा कुठला शब्द? पण सवय गेली नाही. दिल्लीचे, कोचीनचे, गुवाहाटीचे वैमानिकसुद्धा बडोद्यावर आले की “फावशे, सर, फावशे” म्हणायला शिकले.

सगळी गडबड इथेच होती. या गावात कोणी तुम्हाला “फावशे?” विचारलं, तर त्याचं उत्तर एकच असतं. सोफा तिसऱ्या मजल्यावर चढवायला फावशे? फावशे. लग्नात चारशे माणसांचं बघायला फावशे? फावशे. इतक्या गोड आवाजात कोणी विचारल्यावर ‘ना पाडायची’ कशी, म्हणजे नकार कसा द्यायचा? त्रिवेदींना वाटायचं, आपण वैमानिकाला विचारून बदल करतो. आणि वैमानिक हो म्हणून पुढे घाम पुसत बसायचे. त्यात मीही आलोच.

आता कल्याणीबद्दल. कल्याणी जगदाळे, रावपुऱ्यातली मुलगी. पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते. वडील बँकेतून निवृत्त झाले, पण मिशा अजून घोडदळातल्याच. कल्याणी आमच्याच कंपनीत सहवैमानिक होती आणि विमान इतकं सुरेख उडवायची की शेजारी बसलेल्याने डोळे मिटून घ्यावेत. मी तेव्हा परीक्षक होतो. सहवैमानिकाचा कॅप्टन व्हायचा असेल तर त्याच्याबरोबर उडायचं आणि तो त्या खुर्चीला लायक आहे की नाही ते ठरवायचं, हे माझं काम.

तिची पहिली परीक्षा दुसऱ्या परीक्षकाने घेतली होती, आणि ती नापास झाली होती. एका मोठ्या विमानतळावर कंट्रोलरने तिला आडवाट दिली, तिने तत्काळ “चालेल” या अर्थाने मान्य केली, विमान उंच राहिलं, वेग आवरेना, शेवटी पुन्हा वर जावं लागलं. वर गेली हे चांगलंच केलं. पण परीक्षक म्हणाले, विमान उत्तम उडवते, निर्णय मात्र दुसऱ्याच्या हातात देते. आता दुसरी परीक्षा माझ्याकडे. त्यात नापास झाली असती, तर डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या, खुर्चीचा विषय पुढची काही वर्षं तरी मिटला होता, आणि नंतरही कोण जाणे.

परीक्षेच्या आधी काही उड्डाणं तिने माझ्याबरोबर केली. मी तिला विचारलं, “अगं, तुला कळत नाही का, की हे जमणार नाही?”

“कळतं ना, सर.”

“मग?”

“तोंडातून निघून जातं. वरून, म्हणजे खालून, कोणी मोठ्याने काही सांगितलं की हो निघतं. मग मी बघते, कशाला हो म्हटलं ते.” आणि अगदी रडवेली होऊन म्हणाली, “आमच्या घरी मोठ्यांना नाही म्हणायची पद्धतच नाही हो.”

मला हसू आलं आणि काळजीही वाटली. आम्हा सगळ्यांचीच ही गत. कंट्रोलरला इंग्रजीत एका शब्दात ‘अनेबल’ म्हणता येतं. म्हणजे मला जमणार नाही. त्याला कारण द्यावं लागत नाही, माफी मागावी लागत नाही. तो आमचा हक्क आहे. पण ‘नाही’च्या पुढे ‘हो पण’, ‘तसं नव्हे’, ‘रागावू नका’ लावल्याशिवाय आपल्या लोकांचं जेवण पचत नाही. मी तिला गृहपाठ दिला. म्हटलं, रोज घरात एकदा तरी नाही म्हणायचं, आणि कारण सांगायचं नाही.

“कशाला नाही म्हणू?”

“कशालाही. विचारलेल्या कुठल्याही गोष्टीला.”

हा गृहपाठ मी प्रत्यक्ष पाहिला. जगदाळ्यांनी मला रविवारी जेवायला बोलावलं. मटण होतं. आजूबाजूचा सगळा शेजार शाकाहारी, म्हणून मटणाच्या दिवशी खिडक्या लावून घ्यायच्या हा त्या घराचा जुना रिवाज. खिडक्या बंद, पंखा जोरात आणि रश्श्याचा घमघमाट. जगदाळे स्वतः वाढायला उभे. त्यांचा आग्रह काय वर्णावा! ताटात जागा दिसली की पळी आलीच. “कॅप्टनसाहेब, ही नळी बघा, तुमच्यासाठीच ठेवली होती.” मी आडनावाने प्रधान, आमच्याकडेही मटणाला कोणी कमी लेखत नाही, पण मीसुद्धा शर्टाचं खालचं बटण सोडलं.

जगदाळे कल्याणीकडे वळले. “तू घे गं.”

तिने ताटावर पालथा हात धरला. “नाही, बाबा.”

पळी हवेत थांबली. “का? पोट बिघडलंय?”

“नाही. नको.”

“अगं, पण एक नळी—”

“नको, बाबा.”

आतून तिची आई हात पुसत बाहेर आली. जगदाळ्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. “कॅप्टनसाहेब, हे तुम्ही शिकवताय का पोरीला?”

“हो,” मी म्हटलं. “परीक्षेसाठी आहे.”

“जेवणाची परीक्षा?” असं म्हणत त्यांनी ती नळी माझ्या ताटात घातली. मला काही ‘नाही’ म्हणता आलं नाही. कल्याणी ताटाकडे बघत गालातल्या गालात हसत होती.

परीक्षेचं उड्डाण दिल्लीहून बडोद्यालाच निघालं. दुपारची वेळ, आभाळ स्वच्छ, वारा जवळजवळ नव्हताच. डाव्या खुर्चीवर ती, उजव्या खुर्चीवर मी. परीक्षक असलो तरी त्या दिवशी मी तिचा सहवैमानिक. विमान ती चालवणार, रेडिओवर बोलणार मी, आणि तिला मी म्हणणार ‘कॅप्टन’. हा आमचा नियम आहे. गंमत नाही, त्या एका शब्दाने माणूस खुर्चीत सरळ बसतो.

बडोद्याची धावपट्टी एक, टोकं दोन. त्या दिवशी विमानं नैर्ऋत्येकडच्या टोकाने उतरत होती. आम्ही उत्तरेकडून येणार, म्हणजे आम्हाला पूर्वेकडून डभोईच्या अंगाने मोठा वळसा घालून त्या टोकाला जायचं होतं. कल्याणीने त्याच हिशेबाने सगळं ठरवलं, मला वाचून दाखवलं, मी तपासलं. उंची बेताची, वेग बेताचा. सगळं सुंदर चाललं होतं.

आणि त्रिवेदीसाहेबांचा आवाज आला.

मुंबईहून दुसरं विमान येत होतं आणि दोघं एकाच सुमारास पोचणार होतो. त्रिवेदींनी त्यांच्या स्वभावाप्रमाणे वाट काढली. वारा नाहीच, तेव्हा तुम्ही वळसा घालू नका, समोरच्या टोकाने सरळ या आणि आधी उतरून घ्या. इंग्रजीत हे सगळं सांगून झाल्यावर तो गोड, तक्क्याला टेकलेला आवाज म्हणाला, “कॅप्टन, फावशे?”

मी चटकन उंचीकडे बघितलं. वळशासाठी बरोबर होती. सरळ जायला फारच जास्त. एखाद्या जिगरबाज गड्याने हो म्हणून, चाकंबिकं सगळं आधीच बाहेर काढून, धडपडत उतरवलं असतंही कदाचित. पण हो म्हणायचं काही कारण नव्हतं. इंधन भरपूर होतं. विमानात कोणी आजारी नव्हतं. फक्त एक म्हातारा प्रेमाने विचारत होता.

परीक्षकाने अशा वेळी दगड व्हायचं असतं. भुवई उडवायची नाही. खाकरायचं नाही, कारण परीक्षकाच्या खाकरण्याचेही अर्थ लावले जातात. पोरीचं पुढचं सगळं आयुष्य त्या चार-दोन श्वासांवर टांगलेलं, तिच्या हातात सगळी विद्या, आणि मी बोलू शकत नव्हतो. मला एवढंच म्हणायची परवानगी होती, आणि मी ते म्हटलं.

“कॅप्टन, त्यांना काय सांगू?”

तिचे ओठ हलले. ‘चा’ म्हणण्यासाठी ते उघडलेले मी स्पष्ट पाहिले. ‘चालेल’मधला चा. मग ते मिटले. तिने उंचीचा आकडा पाहिला, अंतर पाहिलं. आणि तिचा उजवा हात उठला आणि आमच्या दोघांच्या मध्ये, हवेत, पालथा स्थिर झाला. रावपुऱ्यात ताटावर धरला होता, अगदी तसा.

“नाही,” ती म्हणाली. “सांगा, नाही फावणार. आपण ठरलेल्याच रस्त्याने जाऊ.”

कारण दिलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही.

मी बटण दाबलं आणि म्हटलं, “अनेबल.” त्रिवेदीसाहेबांना हा शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदाच गेला.

मग त्यांनी त्याच सुरात मुंबईच्या विमानाला पुढे घेतलं आणि आम्हाला डभोईकडे वळवलं. उन्हात खाली शेतं दिसत होती, लांब नर्मदेचं पात्र चमकत होतं. मागे प्रवासी कुरकुरत असणार. आम्ही वळून आलो, विमान वेळच्या वेळी तयार झालं, उतरलं. त्या उतरण्याबद्दल लिहिण्यासारखं काहीच नाही, आणि आमच्या धंद्यात याहून मोठी शाबासकी नसते.

इंजिनं बंद झाल्यावर मी टोपी घालून म्हटलं, “अभिनंदन, कॅप्टन जगदाळे.”

तिचे डोळे भरून आले, आणि पहिलं वाक्य काय निघालं तर, “सर, त्रिवेदीसाहेब रागावले नसतील ना?” मी कपाळावर हात मारला. तिने तिथूनच वडिलांना फोन लावला. पलीकडून जगदाळ्यांचा आवाज मलासुद्धा ऐकू आला, “मग आज तरी खाशील की नाही?”

संध्याकाळी त्रिवेदींचाच फोन आला. “डाबी बाजू कोण हतुं?” डाव्या बाजूला कोण होतं? मी सांगितलं. ते खूश होते. “एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कोणी मला सरळ ना पाडली, कॅप्टनसाहेब. लोक हो म्हणतात, मग उंच राहतात, मग पुन्हा वर जातात, माझं सगळं गणित विस्कटतं. आज ना पाडी, तो मने तरत बीजो रस्तो मळ्यो. लगेच दुसरी वाट सापडली.” मग म्हणाले, “म्हणजे मी विचारत होतो, आणि तुम्ही सगळे खोटं सांगत होतात?”

“तुम्ही विचारताच असं,” मी म्हटलं. दोघंही बराच वेळ हसलो.

आता त्रिवेदीही निवृत्त झाले आणि मीही. सकाळी कमाटीबागेत भेटतो. त्यांचे गुडघे गेलेत, माझे कान. नवीन कंट्रोलर नीटनेटकं, नियमातलं बोलतात, जास्तीचा एक शब्द नाही. ते योग्यच आहे, त्यात दोन मतं नाहीत. आकाशात गर्दी वाढली आहे, तक्क्याला टेकून बोलायला सवड कोणाला आहे? तरी बागेच्या बाकावर बसल्यावर डोक्यावरून विमान गेलं की मला त्या आवाजाची फार आठवण येते. तो आवाज तेव्हा माझ्या शेजारीच बसून शेंगदाणे खात असतो, ही गोष्ट वेगळी.

मागच्या हिवाळ्यात त्रिवेदींच्या भाच्याच्या मुलीचं लग्न दिल्लीला होतं. मला ओढून घेऊन गेले. परतताना आम्ही दोघं म्हातारे विमानात शेजारी शेजारी, गुडघे समोरच्या खुर्चीला टेकलेले. निघताना घोषणा झाली. “मी कॅप्टन कल्याणी जगदाळे आपलं स्वागत करते.” त्रिवेदींनी माझ्या मांडीवर थाप मारली. आम्हाला कल्पनाच नव्हती.

बडोदं जवळ आलं. संध्याकाळचं ऊन होतं. विमान सरळ येत होतं, खाली ओळखीची वस्ती दिसायला लागली, आणि अचानक ते डावीकडे झुकलं आणि पूर्वेला निघालं. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ उसळले. “आ क्यां लई जाय छे? घर तो पाछळ रही गयुं!” कुठे नेतोय हा, घर तर मागे राहिलं! बायको त्यांना गप्प करू लागली. इतर लोकही घड्याळं बघायला लागले.

त्रिवेदींनी डोळे मिटले होते. ते कानांनी विमान बघत होते. इंजिनांचा आवाज स्थिर, घाई कुठेच नाही.

“ना पाडी लागे छे,” ते हळूच म्हणाले.

“हो,” मी म्हटलं. “पाडली असणार.” मला एकदम इतकं समाधान वाटलं की मी पुढच्या गृहस्थांना आमच्याकडच्या लग्नातला लाडू दिला.

उतरताना कल्याणी कॉकपिटच्या दाराशी उभी होती. खांद्यावर चार पट्ट्या, केसांत थोडी पांढरी बट. मला वाकून नमस्कार करायला लागली, मी ओरडलो, प्रवासी खोळंबतील. मी त्रिवेदींची ओळख करून दिली. इतक्या वर्षांत त्या दोघांनी एकमेकांना प्रत्यक्ष पाहिलंच नव्हतं. त्रिवेदींनी तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, “बेन, आजे कोणे पूछ्युं? फावशे, एम?” आज कोणी विचारलं का गं, फावशे म्हणून?

ती हसली. “हवे कोई पूछतुं नथी, काका. आपणे ज पहेलां कही देवानुं.” आता कोणी विचारत नाही, आपणच आधी सांगून टाकायचं.

“बराबर,” त्रिवेदी म्हणाले. “बराबर छे.” दोनदा म्हणाले.

जिन्यावरून त्यांनी माझं कोपर धरलं. खाली उतरून ते जरा थांबले, टॉवरच्या काचांकडे बघत राहिले. तिथे दिवे लागले होते. मग माझ्याकडे वळून, इतक्या वर्षांपूर्वीच्या त्याच आवाजात म्हणाले, “चालो घरे, चा पीने जजो. फावशे?”

मी दमलो होतो. माझ्याकडे जड बॅग होती, घरी बायको जेवायची थांबली होती, आणि त्रिवेदींचं घर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला.

“फावशे,” मी म्हटलं.